बंदरातले डोळे आणि कान : मार्क ट्वेनच्या ग्रीक-तुर्की प्रकरणांविषयी

प्रवासवर्णनाची चिकित्सा करताना आपल्याकडे प्रायः दोन प्रश्न विचारले जातात. लेखकाने काय पाहिले, हा एक. आणि पाहिलेले कितपत प्रत्ययकारी रीतीने सांगितले, हा दुसरा. त्याने काय ऐकले, हा तिसरा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. भाषेच्या अभ्यासकास मात्र तो टाळता येत नाही. मार्क ट्वेनच्या ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ (१८६९) या ग्रंथातील अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, स्मर्ना व एफिसस यांवरील प्रकरणे या तिसऱ्या प्रश्नाच्या उजेडात वाचून पाहावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट ८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राच्या सहलीस निघाली. केवळ सहलीसाठी आखलेल्या सागरप्रवासांपैकी हा अगदी आरंभीचा होय. भाडे माणशी १२५० डॉलर होते. एकतीस वर्षांच्या ट्वेनचे भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने भरले आणि त्याने वाटेवरून पत्रे लिहून पाठवावीत असे ठरले. त्या पत्रांतूनच पुढे हा ग्रंथ सिद्ध झाला. बोटीवरील मंडळींचे अंतिम लक्ष्य जेरुसलेम असल्यामुळे ट्वेन त्यांना ‘यात्रेकरू’ म्हणतो आणि ग्रंथाच्या उपशीर्षकात बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे नाव थट्टेने योजतो. तीच रूपककथा हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणली होती. बन्यनचा यात्रिक पाठीवर पापाचे ओझे घेऊन चालतो. ट्वेनच्या यात्रिकांच्या हाती मार्गदर्शिका आहे. थट्टेचे मर्म या फरकात आहे.

प्रास्ताविकात ट्वेनने एक प्रतिज्ञा केली आहे. पूर्वी जाऊन आलेल्यांच्या डोळ्यांनी न पाहता वाचकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर त्याला युरोप आणि पूर्वेकडील देश कसे दिसतील हे सुचवावयाचे, असा तिचा आशय आहे. या प्रतिज्ञेचा निकष लावूनच ग्रंथाचे मूल्यमापन झाले पाहिजे.

१

प्रतिज्ञा कोठे पाळली जाते, हे प्रथम पाहू. बोट पायरीअस बंदरात आली तेव्हा संसर्गाच्या भीतीने अधिकाऱ्यांनी प्रवाशांना उतरू दिले नाही. एक तर निघून जा, नाही तर बंदराबाहेर बोटीतच अकरा दिवस अडकून पडा, असे त्यांना सांगण्यात आले. अथेन्स समोर दिसत होते आणि पाहता मात्र येत नव्हते. तेव्हा ट्वेन व त्याचे तीन सोबती रात्री चोरून किनाऱ्यावर उतरले, वाटेतल्या मळ्यांतील द्राक्षे तोडीत पायी अॅक्रोपोलिसपर्यंत गेले, पहारेकऱ्यांचे हात ओले करून आत शिरले आणि पहाटेपूर्वी परतले. चांदण्यातील पार्थेनॉन, इतस्ततः पडलेल्या भग्न मूर्ती, खाली पसरलेले निःशब्द नगर, यांचे जे वर्णन या प्रकरणात येते ते या ग्रंथातील उत्कृष्ट गद्य आहे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

हे गद्य येथेच का साधले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आमच्या मते कारण चांदण्यात शोधू नये. ते परिस्थितीत आहे. त्या रात्री सोबत वाटाड्या नव्हता, हाती मार्गदर्शिका नव्हती, दिवसाची आखणी नव्हती, आणि पाहण्याचा अधिकारही नव्हता. जे दिसले ते कोणी दाखविलेले नव्हते.

याला दुजोरा त्याच सफरीतील दुसऱ्या एका बंदरात मिळतो. कॉन्स्टँटिनोपलनंतर बोट काळ्या समुद्रात शिरली आणि ओडेसास गेली. तेथे प्रेक्षणीय असे काहीच नाही, हे मार्गदर्शिकेत वाचून प्रवाशांना हर्ष झाला. एक दिवस तरी नुसते भटकावयास मिळाले, असे ट्वेन मोकळेपणाने लिहितो. प्रेक्षणीय स्थळ नसणे हीच जेथे सुटी ठरते, तेथे ‘पाहणे’ ही केवढी वेठ झालेली असली पाहिजे!

कॉन्स्टँटिनोपलच्या प्रकरणांत ही वेठ स्पष्ट दिसते. नांगर टाकलेल्या बोटीवरून ते नगर त्याला अनुपम वाटते. किनाऱ्यास पाय लागताच तो त्याची निंदा आरंभितो. सेंट सोफियाची भव्य वास्तू त्याला जुनाट कोठारासारखी भासते, आणि तिची स्तुती करणाऱ्यांनी आपली स्तुती मार्गदर्शिकेतून उचलली असली पाहिजे, असे तो म्हणतो. तुर्की स्नानगृहाविषयी प्रवासग्रंथांतून वाचलेली स्वप्ने प्रत्यक्ष स्नानात विरतात. कॉफीच्या पेल्यात तळाशी गाळच फार निघतो. येथे एक सूक्ष्म विसंगती आहे. इतरांच्या डोळ्यांनी पाहावयाचे नाही असे म्हणणारा हा लेखक प्रत्येक वस्तू इतरांच्या वर्णनाशी ताडून पाहतो आणि ती उणी पडली की रागावतो. स्तुती उसनी असेल. पण अपेक्षाभंगही उसन्याच अपेक्षेचा आहे.

अपवाद एकच, परंतु महत्त्वाचा. रस्त्यांवरील कुत्र्यांविषयी पूर्वीच्या प्रवाशांनी लिहिलेले त्याला अतिरंजित आढळले, म्हणून तो स्वतः न्याहाळू लागतो. ती खरजुली, मरगळलेली जनावरे भर रहदारीत झोपून राहतात, मेंढ्यांचा कळप अंगावरून गेला तरी हलत नाहीत, हे तो शांतपणे टिपतो. सुलतानाने त्यांना मार्मारा समुद्रातील एका बेटावर धाडण्याचा घाट घातला, परंतु कुत्री बेटावर पोहोचण्याऐवजी वाटेतच समुद्रात पडतात हे कळताच लोकांनी ओरड केली, ही हकीकतही तो नोंदवितो. (पुढे १९१० मध्ये त्या कुत्र्यांना खरोखरच एका ओसाड बेटावर नेऊन सोडण्यात आले.) कुत्री प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नव्हती, म्हणूनच ती त्याला दिसली.

२

डोळ्यांची प्रतिज्ञा अशी अंशतः का होईना, पाळली गेली. आता कानांकडे वळू.

या ग्रंथातील एक गाजलेली थट्टा अशी की, प्रवासी आपल्या प्रत्येक वाटाड्याला ‘फर्ग्युसन’ म्हणतात. कॉन्स्टँटिनोपलचा वाटाड्या ‘फार-अवे मोझेस’ या नावाने प्रसिद्ध होता. सैल विजार, टोकदार पिवळे जोडे, लाल फेझ, कमरेला पिस्तुले व तलवार असा थाट करून तो येतो आणि ‘फर्ग्युसन’ ही हाक ऐकून अपमानित होतो. यावर ट्वेनचे समर्थन असे की, इलाज नाही. या लोकांची भयंकर परदेशी नावे आम्हांस साधत नाहीत.

हे समर्थन भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. ‘फार-अवे’ हे दोन्ही शब्द इंग्रजी आहेत, आणि ‘मोझेस’ हे नाव इंग्रजी बायबल वाचणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूच्या जिभेवर जन्मापासून असणार. उच्चारास अवघड असे त्या नावात काहीच नाही. शिवाय ही प्रथा मुळात सुरू झाली पॅरिसमध्ये. तेथील वाटाड्याचे नाव बिलफिंगर निघाले; ते पुरेसे फ्रेंच वाटेना, म्हणून त्याचा फर्ग्युसन करण्यात आला. म्हणजे पॅरिसमध्ये नाव पुरेसे परके नाही म्हणून बदलले, आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये फार परके आहे म्हणून. कारणे परस्परविरुद्ध आहेत, कृती एकच. त्यावरून अडचण जिभेची नव्हती हे सिद्ध होते. समोरचा माणूस आधीच्या माणसाहून वेगळा आहे, हे मानण्याची तयारी नव्हती. पुढे सीरियात ‘तेम्निन-एल-फोका’ या गावाचे ‘जॅक्सनव्हिल’ झाले, तेही याच वृत्तीने.

येथे असा आक्षेप येईल की, विनोदकाराचे बोलणे शब्दशः घेऊ नये. ट्वेनचा निवेदक हा जाणूनबुजून रंगविलेला अडाणी अमेरिकन आहे आणि थट्टा त्याचीच आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि पॅरिसच्या प्रसंगास तो पूर्णपणे लागू पडतो. तेथे हसे होते ते प्रवाशांच्या पोकळ हौसेचे. परंतु कॉन्स्टँटिनोपलच्या प्रसंगात वाटाड्याच्या पोशाखाचा एकेक तपशील मांडून, त्या थाटाला नावाने छेद दिला आहे. वाचक हसतो तो त्या थाटाला. विनोदाचे शस्त्र तेच असले तरी त्याची धार फिरली आहे, हे समीक्षकाने लपवू नये.

नाव बदलणे हे मुळात दूषण नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. त्या किनाऱ्यावरील बहुतेक नावे बदललेलीच आहेत. ‘इस्तंबूल’ हे नाव ‘इस तिन पोलिन’ म्हणजे ‘नगराकडे, नगरात’ या ग्रीक पदबंधातून आले असे सामान्यतः मानले जाते. ‘स्मर्ना’चे ‘इझमीर’ झाले ते तुर्की भाषेला शब्दारंभी जोडाक्षर मानवत नाही म्हणून. आपल्याकडे ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ होते, त्यातलाच हा प्रकार. या रूपांतरांत मूळ नाव ऐकलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या बाजारात, घाटावर, शेजारी ते कानांवर पडले आणि मग जिभेने आपल्या सोयीने वळविले. ‘फर्ग्युसन’मध्ये मूळ नावाचा एक ध्वनीही शिल्लक नाही. पहिले रूपांतर सहवासातून घडते, दुसरे सहवास टाळण्यासाठी.

३

न ऐकल्याने काय गमावले, याचे सर्वांत बोलके उदाहरण एफिससचे आहे. स्मर्नाहून यात्रेकरू आगगाडीने तेथे गेले आणि गाढवांवर बसून अवशेष हिंडले. बायबलावर श्रद्धा असणाऱ्या त्या मंडळींना हे स्थान पवित्र. संत पॉलने येथे उपदेश केला, संत जॉन येथे राहिला, ही त्यांची आस्था. आगगाडी ज्या गावी थांबली त्याचे नाव आयासोलुक. ट्वेन हे नाव लिहितो आणि पुढे जातो. पण ‘आयासोलुक’ हे ‘हागिओस थिओलोगोस’ याचेच तुर्की मुखात झालेले रूप आहे, आणि ‘हागिओस थिओलोगोस’ म्हणजे संत जॉन! ज्याच्या शोधात यात्रेकरू आले, तो मुसलमानांच्या रोजच्या बोलण्यात, गावाच्या नावात, शतकानुशतके नांदत होता. यात्रेकरूंनी मात्र अवशेषांतून कोरीव संगमरवराचे तुकडे उचलले. आणि या टोळीवर लक्ष ठेवण्याचा हुकूम राजधानीहून आलेला असल्यामुळे सरकारी अधिकाऱ्याने ते परत काढून घेतले. दगड नेता आले नाहीत. नाव नेण्यास कोणाचीच हरकत नव्हती. ते गावही १९१४ मध्ये ‘सेल्चुक’ झाले.

स्मर्नाच्या प्रकरणातील एक जागा याहूनही अधिक अस्वस्थ करते. तेथील आर्मेनियन वस्तीत संध्याकाळी दारांत बसणाऱ्या मुलींचे ट्वेनने प्रसन्न वर्णन केले आहे. त्या अनोळखी पाहुण्याच्या हसण्याला हसून उत्तर देतात, त्यांच्याशी तासभर गप्पा होऊ शकतात, असे तो सांगतो. आपल्याला इंग्रजीच येत होती आणि तिला ग्रीक, किंवा आर्मेनियन, किंवा तसलीच कोणती तरी रानटी भाषा, पण आमचे छान जमले, असा त्याचा आशय आहे. ग्रीक आणि आर्मेनियन या इंडो-युरोपीय कुलातील दोन स्वतंत्र शाखा. लिपी वेगळ्या, वाङ्मयपरंपरा वेगळ्या. त्यांमधला ‘किंवा’ हाच या ग्रंथाचा बहिरेपणा होय. आणि ‘रानटी’ या अर्थी त्याने योजलेले इंग्रजी विशेषण मूळचे ग्रीकांचेच. ज्यांचे बोलणे ग्रीक कानाला नुसती बडबड वाटे, ते ‘बार्बारोस’. आपल्या संस्कृतातील ‘बर्बर’ या शब्दाशी त्याची तुलना करतात. ज्या शब्दाने ग्रीकांनी इतरांना हिणवले, तोच येथे ग्रीक भाषेच्या माथी बसला आहे!

ही केवळ शब्दांची गंमत असती तर तिचा इतका विस्तार केला नसता. १३ सप्टेंबर १९२२ रोजी स्मर्नाच्या आर्मेनियन वस्तीत आग लागली आणि पुढील दिवसांत ती वस्ती व ग्रीक वस्ती भस्मसात झाली. १९२३ च्या करारान्वये ग्रीस व तुर्कस्थान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली. दारांत बसून परक्याशी हसत बोलणाऱ्या मुलींची ती स्मर्ना उरली नाही. तासभर झालेल्या त्या संभाषणातील एकही शब्द, एकही नाव ट्वेनने टिपले नाही. त्याला भवितव्य ठाऊक नव्हते, हा त्याचा दोष नव्हे. परंतु जे ऐकू आले ते लिहून ठेवावयास भवितव्य ठाऊक असावे लागत नाही.

४

एवढे म्हणूनही हा ग्रंथ वाचावा, असेच आम्ही सुचवू. यात्रेकरूंचा दांभिकपणा, मार्गदर्शिकांची उसनी भाषा, अवशेषांचे तुकडे खिशात घालण्याची हाव, यांवर त्याने केलेला प्रहार आजही बोथट झालेला नाही. आज सहलीच्या बोटी कुशादासीस सकाळी लागतात, उतारू बसने एफिसस पाहून येतात आणि बोट निघून जाते. त्यांच्या हाती वेळ ट्वेनपेक्षा फारसा अधिक नाही. त्याचे डोळे उसने घेता येतील, आणि घ्यावेत. त्या थोड्या वेळात एखादे नाव नीट विचारून, ते आपल्या जिभेला जमेल तसे उच्चारून पाहणे मात्र प्रवाशाला स्वतःच करावे लागेल. त्या बाबतीत या ग्रंथाकडून धडा घ्यावयाचा तो त्याच्या उणिवेवरूनच. आपल्या प्रवासवर्णनांचेही परीक्षण करताना ‘लेखकाने काय ऐकले?’ हा प्रश्न अभ्यासकांनी नित्य विचारावा, एवढे सुचवून हे विवेचन पुरे करतो.