'डिस्मल' : एका विशेषणाचे मूळ आणि त्याचा अनुवाद

इंग्रजीतील 'डिस्मल' या विशेषणासाठी आपले अनुवादक 'उदास', 'खिन्न', 'भकास' यांपैकी हाताला येईल तो शब्द योजतात. अर्थ साधारण जुळतो. परंतु हा शब्द मुळात मनाचा नव्हेच, तो पंचांगाचा आहे. लॅटिनमधील 'दिएस माली', म्हणजे वाईट दिवस, यावरून तो जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. मध्ययुगीन युरोपातील दिनदर्शिकांत दर महिन्याचे दोन दिवस अशुभ म्हणून नोंदलेले असत. त्या दिवशी नवे कार्य आरंभू नये, शिरेतून रक्त काढवू नये, असा संकेत होता. १४व्या शतकात चॉसरच्या काव्यात हा शब्द नाम म्हणूनच येतो. पुढे व्युत्पत्तीचे भान सुटले आणि लोक 'डिस्मल दिवस' म्हणू लागले. आपला 'पिवळा पीतांबर' याच जातीचा. या द्विरुक्तीतून नामाचे विशेषण झाले, आणि मग ते जागेला, आवाजाला, चेहऱ्यालाही लागले.

संस्कृतातील 'दुर्दिन' याचे घटक हेच. अमरकोशात त्याचा अर्थ मेघांनी झाकलेला दिवस असा आहे. मराठीत मात्र दुर्दिन म्हणजे विपत्तीचा काळ. इंग्रजी शब्द नियतीकडून काळोखाकडे गेला, आपला आभाळाकडून नियतीकडे आला. म्हणूनच तो सरळ उचलून 'डिस्मल'च्या जागी बसविता येत नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागात तर 'डिस्मल' म्हणजे दलदल. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरील 'ग्रेट डिस्मल स्वॉम्प'मध्ये पळून आलेले गुलाम आश्रय घेत. लाँगफेलोने १८४२ साली त्यांच्यावर कविता लिहिली. मालकाच्या दृष्टीने जी जागा भीषण, तीच गुलामाला मोकळी. विशेषण कोणाच्या तोंडी आहे, यावर किती अवलंबून असते!

अर्थशास्त्राला 'डिस्मल सायन्स' हे नाव कार्लाइलने दिले. माल्थसच्या लोकसंख्याविषयक भाकितांमुळे दिले, असे सर्रास सांगितले जाते. १८३९च्या 'चार्टिझम'मध्ये माल्थसविषयक वादाला त्याने हे विशेषण लावले होते, हे खरे. परंतु हे नाव आले ते डिसेंबर १८४९च्या 'फ्रेझर्स मॅगझिन'मधील लेखात, आणि तो लेख वेस्ट इंडीजमधील मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना सक्तीने कामाला लावावे, असे सांगणारा आहे. मागणी-पुरवठ्याच्या नियमावर सोपवून माणसांना मोकळे ठेवणारे शास्त्र त्याला डिस्मल वाटले. जॉन स्टुअर्ट मिलने पुढच्याच महिन्यात त्याच मासिकात त्याला खडसावले.

'निराशाजनक शास्त्र' असे भाषांतर केले की हा सारा द्वेष पुसला जातो आणि उरते ती एक निरुपद्रवी कोटी. मला येथे 'अवदसेचे शास्त्र' अधिक योग्य वाटते. 'अवदसा'मध्ये ग्रहदशेचा मूळ वास आहे आणि घरोघरची शिवीही आहे. कार्लाइलला बहुधा दुसरीच अभिप्रेत होती.