अकराव्या ग्रीनचा उतार

१८ जुलै २०१५. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे ‘ओपन’ गोल्फ स्पर्धा चालू होती. शनिवारी सकाळी खेळ सुरू झाला आणि जेमतेम अर्ध्या तासात थांबवावा लागला. ग्रीनवर ठेवलेला चेंडू जागेवर राहीना. खेळाडूने हात लावण्याआधीच तो आपणहून चालू लागे. वारा जोराचा होता हे खरे, पण समुद्रकाठच्या त्या गावाला वारा नवा नाही. खेळ पुन्हा सुरू व्हायला दहा तासांहून अधिक वेळ लागला.

चेंडू स्थिर राहतो की चालू लागतो, हा तीन गोष्टींचा हिशेब आहे. वारा त्याला ढकलतो, उतार खाली ओढतो आणि गवत अडवते. यांतील वारा जुनाच आहे. उतारही जुना आहे, किंबहुना काही ठिकाणी तो मुद्दाम कमी केलेला आहे (त्याकडे शेवटी येऊ). बदलले आहे ते गवत. माझी तक्रार त्याच्याबद्दल आहे. गोल्फच्या मैदानाच्या रचनेवर लिहिणारे बंकर, तळी आणि झाडांच्या रांगा यांचे भरभरून कौतुक करतात, पण ग्रीनवरचे गवत किती मिलिमीटरवर कापले आहे याला ते माळ्याची बाब समजतात. मला वाटते, तेथेच रचनेचा जीव आहे.

गोल्फ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. खेळाडू दूरवरून चेंडू मारत मारत एका बारीक कापलेल्या हिरवळीवर आणतो. ही हिरवळ म्हणजे ग्रीन. तिच्यात सुमारे १०८ मिलिमीटर व्यासाचा एक खळगा असतो आणि त्यात ध्वजाची काठी उभी असते. ग्रीनवर चेंडू उडवत नाहीत, हलक्या टोल्याने घरंगळत नेतात. खळग्याची जागा अधूनमधून बदलली जाते, आणि ती अशी असावी लागते की जवळ आलेला चेंडू तेथे थांबू शकेल.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स कोणा एका माणसाने आखलेला नाही. किनाऱ्याची वाळू, तिच्यावर वाढणारी फेस्क्यू आणि बेंट जातींची बारीक पात्यांची गवते, त्यांवर चरणारी मेंढरे-ससे आणि शतकानुशतके खेळणारी माणसे यांनी मिळून तो घडवला. १७६४ मध्ये तेथल्या खळग्यांची संख्या २२ वरून १८ झाली आणि पुढे जगाने तीच मान्य केली. बहुतेक ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे जाताना व येताना एकाच हिरवळीवरचे दोन खळगे. गंमत अशी की अशा जोडीतील क्रमांकांची बेरीज १८ येते. अकरावा खळगा सातव्याचा जोडीदार आहे.

हा अकरावा खळगा लहान, साधारण १६० मीटरचा. ईडन नदीच्या मुखाशी, वाऱ्याला उघडा. डावीकडे ‘हिल’ नावाचा खोल बंकर, उजवीकडे पुढे ‘स्ट्रॅथ’. ग्रीन मागून पुढे उतरते आणि चांगलेच उतरते. त्यामुळे खेळाडूसमोर पेच पडतो. फटका कमी पडला तर चेंडू बंकरात जातो. जास्त पडला तर तो खळग्याच्या वरच्या बाजूला थांबतो आणि तेथून परत खाली घरंगळत आणणे अवघड असते. १९२१ मध्ये बॉबी जोन्स हा तरुण अमेरिकन खेळाडू येथील हिल बंकरात अडकला आणि वैतागून त्याने स्पर्धाच सोडली. पुढे याच जोन्सने ॲलिस्टर मॅकेन्झी या आराखडाकाराबरोबर अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभारले, तेव्हा तेथील चौथा खळगा सेंट अँड्र्यूजच्या या अकराव्याच्या धर्तीवर बेतला. ज्याने हरवले त्याचेच अनुकरण! त्या उताराची थोरवी सांगायला एवढे पुरे आहे.

आता थोडे गणित करू. हा भाग नववी-दहावीच्या वर्गात जरूर घ्यावा.

१९३५ मध्ये एडवर्ड स्टिम्पसन या हौशी खेळाडूने ओकमाँट येथील यू. एस. ओपन पाहिली. जीन साराझेनसारख्या कसलेल्या खेळाडूचा हलका टोला ग्रीनवरून थेट बंकरात घरंगळत गेलेला पाहून स्टिम्पसनला वाटले की ही ग्रीन वाजवीपेक्षा वेगवान आहेत. नुसते वाटून उपयोग नाही, मोजता आले पाहिजे, म्हणून त्याने एक लाकडी पन्हळ बनवली. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९७६ मध्ये ती सुधारून ॲल्युमिनियमची केली. हाच स्टिम्पमीटर. सुमारे ९१ सेंटिमीटर लांबीची ही पन्हळ हळूहळू उचलायची. सुमारे २० अंशांचा कोन झाला की खाचेतला चेंडू सुटतो आणि दर वेळी साधारण त्याच वेगाने, सेकंदाला १.८३ मीटरने, गवतावर उतरतो. सपाट जागेवर तो जितके फूट जाईल तो त्या ग्रीनचा ‘वेग’. एका दिशेने तीन वेळा, उलट दिशेने तीन वेळा मोजून सरासरी काढतात. उलट दिशेने का, हे मुलांना विचारा.

संघटनेने त्या काळी अमेरिकेतील ग्रीन मोजली तेव्हा सरासरी भरली साडेसहा फूट, म्हणजे सुमारे २ मीटर. नेहमीच्या खेळासाठी साडेआठ फूट हे ‘वेगवान’ धरले गेले आणि मोठ्या स्पर्धांसाठी साडेदहा. आज मोठ्या स्पर्धेत १२-१३ फूट ऐकून कोणी दचकत नाही. आपण साडेसहा आणि तेरा घेऊ, बरोबर दुप्पट.

वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की मंदन मिळते. त्याला गुरुत्वत्वरणाने भागले की गवताचा विरोध चेंडूच्या वजनाच्या किती पट आहे ते कळते. साडेसहा फुटांच्या ग्रीनवर हे उत्तर येते ०.०८६. तेरा फुटांच्या ग्रीनवर ०.०४३. याचा अर्थ असा की जुन्या ग्रीनवर एका मीटरला साडेआठ सेंटिमीटर उतार असला तरी घरंगळणारा चेंडू कधी ना कधी थांबेल. नव्या ग्रीनवर मीटरला साडेचार सेंटिमीटर उतार झाला की तो थांबणारच नाही. चेंडूचे वस्तुमान या हिशेबात कोठेही आले नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

खरी मौज पुढे आहे. मीटरला तीन सेंटिमीटर हा काही भीतिदायक उतार नव्हे. त्यावरून तोच चेंडू त्याच वेगाने खाली सोडा. जुन्या गवतावर विरोधातून उतार वजा केला की ०.०५६ उरतात, आणि चेंडू सुमारे ३ मीटर जातो. नव्या गवतावर उरतात केवळ ०.०१३, आणि चेंडू जातो १३ मीटर! सपाटीवर अंतर दुप्पट झाले होते. या साध्या उतारावर ते चौपटीहून अधिक झाले. मातीचा कणही हलवलेला नाही, पण रचना पूर्ण वेगळी झाली. जो उतार खेळाडूला प्रश्न विचारत होता, तो आता त्याला नुसता ढकलून देतो.

वर्गात हे दाखवायला गोल्फचा चेंडू लागत नाही. पडद्याच्या दांडीची पन्हळ, एक गोटी, एक फळी आणि तिच्यावर अंथरायला टॉवेल व धोतराचे कापड एवढे पुरते. फळीच्या एका टोकाखाली वह्या ठेवत जा आणि कोणत्या कापडावर किती वह्यांनंतर गोटी थांबायचे नाकारते ते नोंदवा.

आता दुसरी बाजू. वेगाचे समर्थक म्हणतात की बारीक कापलेल्या गवतावर चेंडू सरळ जातो, उड्या मारत नाही, म्हणून कौशल्याला न्याय मिळतो. हे खरे आहे. जुन्या जाड पात्यांच्या हिरवळीवर गवत ज्या दिशेला झुकलेले असे तिकडे चेंडू ओढला जाई. पण गुळगुळीतपणा आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घट्ट विणीचे, एकसारखे गवत थोडे उंच ठेवले तरी पुरेसे गुळगुळीत राहू शकते. स्टिम्पमीटर घेणाऱ्या संघटनेचा हेतूही अठराही ग्रीन एकसारखी असावीत हा होता, अधिकाधिक वेगवान व्हावीत हा नव्हता. पण हाती आकडा आला की माणसे त्याची शर्यत लावतात. आपण शिक्षकांनी टक्केवारीच्या बाबतीत हे पुरते अनुभवले आहे. वेग फार झाला अशी तक्रार करण्यासाठी केलेले साधन वेग वाढवण्याचे माप बनले.

गवताला यात काय भोगावे लागते तेही पाहू. विसाव्या शतकाच्या मध्याला ग्रीनवरचे गवत साधारण ६ मिलिमीटरवर कापत. आज मोठ्या स्पर्धेत ते ३ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. पान म्हणजे वनस्पतीचे स्वयंपाकघर. ते छाटले की अन्न कमी, अन्न कमी की मुळे तोकडी, आणि तोकड्या मुळांना वरचेवर पाणी व बुरशीनाशक लागते. म्हणून एवढे छाटूनही जगतील अशा बुटक्या, दाट जाती निवडून काढाव्या लागल्या.

थंड मुलखात हे काम सरपटणाऱ्या बेंटग्रासच्या जाती करतात. उष्ण मुलखात ज्या गवताला बर्म्युडा ग्रास म्हणतात ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा: सायनोडॉन डॅक्टिलॉन. शेतकरी जिला खणून खणून थकतो, तिला अमेरिकेत जॉर्जियातील टिफ्टन येथे आफ्रिकेतील एका भाऊबंद गवताशी संकरित करून ग्रीनसाठी खास जाती काढल्या. १९५६ ची टिफग्रीन आणि तिच्यातच निसर्गतः झालेल्या बदलातून मिळालेली १९६५ ची टिफड्वार्फ या त्यांतल्या गाजलेल्या. आपल्या हरळीची सामान्यतः ३६ गुणसूत्रे आणि आफ्रिकी गवताची १८. संकरात आली २७, म्हणजे तीन संच. त्यामुळे बी धरत नाही आणि कांड्या लावूनच लागवड करावी लागते. कांड्यांच्या पेरांतून मुळे फुटण्याचा हरळीचा जो गुण शेतकऱ्याचा शत्रू, तोच येथे उपयोगी पडला.

ऑगस्टाही जॉर्जियातच आहे. तेथील ग्रीनवर पूर्वी बर्म्युडा होते, वर हिवाळ्यापुरते राय गवत पेरत. १९८० च्या स्पर्धेनंतर तेथे बेंटग्रास आणले, आणि ग्रीन पुष्कळ वेगवान झाली. पण हरळी ऊस-ज्वारीच्या पंगतीतली, कडक उन्हात प्रकाशसंश्लेषण जोमाने करणारी. बेंट गहू-भाताच्या पंगतीतले. माती तापली की त्याची मुळे आखडतात. त्याला जॉर्जियाच्या उन्हाळ्यात जगवायचे म्हणून ग्रीनखाली नळ घालून हवा खेळवण्याची यंत्रणा आली. ऐन उन्हाळ्यात ते मैदान बंदच असते. हे तंत्र थक्क करणारे आहे, मी नाकारत नाही. पण मॅकेन्झी जानेवारी १९३४ मध्ये वारला. त्याने जे उतार आखले ते त्या काळच्या संथ गवतासाठी आखले होते. आज तेथे त्याची रचना खेळतो असे म्हणणारा निम्मेच खरे बोलतो.

याचा कळस न्यूयॉर्कजवळच्या शिनेकॉक हिल्सवर २००४ च्या यू. एस. ओपनमध्ये दिसला. शेवटच्या दिवशी सातव्या ग्रीनवर चेंडू थांबेना, म्हणून खेळाडूंच्या गटांच्या मध्ये ग्रीनवर पाणी शिंपडावे लागले. आधी गेलेल्यांनी कोरड्यावर खेळावे आणि मागून आलेल्यांनी ओल्यावर, ही परीक्षा म्हणायची का? २०१८ मध्ये त्याच मैदानावर शनिवारी पुन्हा तेच झाले. फिल मिकल्सनने तर तेराव्या ग्रीनवर घरंगळत चाललेला चेंडू धावत जाऊन उलट मारला आणि दंड पत्करला. काही खळगे फार कठीण झाले, असे आयोजकांनी स्वतः कबूल केले.

आणि आता सेंट अँड्र्यूजचे अकरावे ग्रीन. वेग वाढला तशी तेथे खळगा ठेवण्याजोगी जागा आक्रसत गेली. डावीकडचा मागचा भाग तर वापरता येईना. यावर साधा उपाय होता, गवत मिलिमीटरभर उंच ठेवण्याचा. पण मग वेगाचा आकडा उतरला असता. नोव्हेंबर २०१२ मध्ये मैदानाच्या चालकांनी आर अँड ए संस्थेच्या संमतीने दुसरा मार्ग जाहीर केला. मार्टिन हॉट्री या आराखडाकाराच्या देखरेखीखाली हिरवळीचे थर काढून खालची माती उतरवली आणि मागचा भाग सौम्य केला. इतर देशांतील आराखडाकारांनीही निषेध केला, पण काम झाले.

ओल्ड कोर्स पूर्वीही बदलत आला आहे. एकोणिसाव्या शतकात टॉम मॉरिसने तेथील अखेरचे, अठरावे ग्रीन नव्याने बांधले आणि त्याला कोणी नावे ठेवत नाही. जुने म्हणून हात लावू नये, असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. गवत कालचे आणि उतार शतकांचा. कापण्याच्या यंत्राचे पाते फिरवून जे परत मिळवता येत होते, त्यासाठी जे परत मिळवता येणार नाही ते काढून टाकले.

२०१५ च्या त्या शनिवारी चेंडू थांबेना म्हणून खेळ बंद पडला, तेव्हा हा सौम्य केलेला भाग तयार होऊन दोन वर्षे झाली होती.