सुझूचा उजवा हात

पुरवठा खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने जपानी चित्रकथेवर लिहावे, हे आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांना थोडे चमत्कारिक वाटेल. गेल्या दिवाळीपूर्वी मलाही तसेच वाटले असते. दिवाळीत धाकट्या मुलीने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्यासमोर ठेवले आणि बजावले, की हे शेवटच्या पानापासून सुरू करायचे आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. मुलांचे पुस्तक असेल म्हणून मी ते दोन दिवस टेबलावर तसेच पडू दिले. तिसऱ्या दिवशी सहज उघडले, आणि संध्याकाळचे फिरणे राहून गेले. पुढे त्याच कथेवरचा चित्रपटही आम्ही दोघांनी एकत्र पाहिला. पुस्तक मोठे की चित्रपट, यावरून बापलेकीत जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. त्यातली माझी बाजू मी येथे मांडतो. मुलीची बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडली जाईल याची हमी देत नाही.

जपानी भाषेत अशा चित्रकथेला मांगा म्हणतात आणि तिच्यावरून होणाऱ्या हलत्या चित्रांच्या पटाला ॲनिमे. फुमियो कोनो या हिरोशिमात 1968 साली जन्मलेल्या लेखिकेची ‘कोनो सेकाई नो कातासुमी नि’, म्हणजे ‘या जगाच्या कोपऱ्यात’, ही कथा 2007 ते 2009 या काळात एका नियतकालिकातून क्रमशः आली. मूळ जपानीत तिचे तीन भाग आहेत, इंग्रजीत ती एका खंडात मिळते. सुनाओ काताबुची यांनी तिच्यावरून केलेला चित्रपट नोव्हेंबर 2016 मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीच्या खर्चासाठी तीन हजारांहून अधिक सामान्य लोकांनी वर्गणी दिली होती. पहिल्या दिवशी अवघ्या 63 चित्रपटगृहांत लागलेला हा पट पुढे वर्षानुवर्षे चालत राहिला.

कथा साधी आहे. हिरोशिमाच्या एबा भागातली सुझू ही स्वभावाने वेंधळी, पण चित्रकलेत हात असलेली मुलगी. 1944 च्या फेब्रुवारीत तिचे लग्न कुरे येथील शुसाकु या तरुणाशी होते. कुरे हे जपानी नौदलाचे मोठे बंदर. ‘यामातो’ ही प्रचंड युद्धनौका तेथेच बांधली गेली. शुसाकु नौदलाच्या लष्करी न्यायालयात कारकून आहे. मुलगा कोण, त्याने आपल्याला पाहिले कुठे, हे सुझूला नीटसे ठाऊक नाही. लग्नानंतर माहेरी पत्र लिहायला बसल्यावर आपल्याला सासरचा पत्तासुद्धा माहीत नाही हे तिच्या ध्यानात येते. पायाने अधू झालेली सासू, तोंडाने फटकळ नणंद केइको आणि तिची चिमुरडी मुलगी हारुमी, असे हे घर. आपल्या आज्या-पणज्या बैलगाडीतून, नंतर आगगाडीतून परमुलखात नांदायला आल्या; त्यांच्या हकीकती ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, तेथे ही सुझू कोणालाच परकी वाटणार नाही.

मला सर्वप्रथम बांधून ठेवले ते मात्र नात्यांनी नव्हे, शिध्याने. टंचाईच्या दिवसांत स्वयंपाकघर कसे चालते याचे इतके बारीक चित्रण मी अन्यत्र वाचलेले नाही. सुझू बांधावरचा रानपाला खुडून आणते आणि तो चार प्रकारे शिजवते. कुसुनोकी या मध्ययुगीन सेनापतीच्या नावाने खपवलेली एक कृती ती करून पाहते: न सडलेले तांदूळ भाजायचे आणि रात्रभर भिजवून फुगवायचे, म्हणजे मूठभर तांदळात पातेले भरते. पातेले भरतेही, पण ते अन्न घशाखाली उतरवताना घरातल्या प्रत्येकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. एकदा साखरेला मुंग्या लागतात. ती वाचवण्यासाठी सुझू साखरेची वाटी पाण्याच्या रांजणात तरंगत ठेवते आणि वाटी बुडते. मग काळ्या बाजारातून साखर आणायला निघालेली सुझू परतीची वाट चुकते आणि गावातल्या वेश्यावस्तीत शिरते. तेथे तिला रिन भेटते. ही रिन म्हणजेच माझ्या आणि मुलीच्या वादाचे मूळ.

परंतु आधी चित्रपटाचे श्रेय त्याला दिले पाहिजे, आणि ते थोडे नाही. काताबुची यांनी त्या काळच्या कुरे आणि हिरोशिमाचा जो अभ्यास केला तो एखाद्या इतिहासकाराला शोभावा असा आहे. अमुक दिवशी आभाळ कसे होते, भोंगा किती वाजता झाला, बंदरात कोणते जहाज उभे होते, हे सारे पडताळून पडद्यावर आणले आहे. हिरोशिमात आज जेथे शांतता उद्यान आहे तेथे बॉम्बपूर्वी नाकाजिमा ही गजबजलेली पेठ होती. तेथल्या जुन्या रहिवाशांच्या आठवणी आणि छायाचित्रे यांच्या आधाराने ती पेठ दुकानादुकानासह आरंभीच्या प्रसंगात उभी केली आहे. लहानगी सुझू तेथून चालत जाते तेव्हा प्रेक्षकाला पुढचे सारे माहीत असते आणि तिला काहीच नसते. पुस्तकात ही पेठ काही रेघांत येऊन जाते. पडद्यावर ती राहती होते, आणि म्हणूनच पुढे तिचे नसणे जाणवते. 19 मार्च 1945 च्या विमानहल्ल्यात सुझूच्या मनात येते की या क्षणी रंग हाताशी हवे होते, आणि तोफगोळ्यांच्या धुराच्या जागी आभाळभर रंगांचे फटकारे उमटू लागतात. मरणाच्या सावलीत चित्रकाराला सुचलेला हा विचार कागदावर फक्त कळतो. येथे तो डोळ्यांना दिसतो, आणि दिसल्यावर थोडी लाजही वाटते.

आता त्या हाताविषयी. 22 जून 1945 रोजी रुग्णालयात सासऱ्यांना भेटून परतताना, हल्ला संपल्यानंतर, एका उशिरा फुटणाऱ्या बॉम्बने हारुमी मरते. सुझूने तिचा हात आपल्या उजव्या हातात धरलेला होता. तो हातही जातो. चित्रपटात या क्षणी पडदा काळा होतो आणि त्यावर फिल्मवर सुईने ओरखडावे तशा पांढऱ्या रेघा थरथरतात. हा प्रसंग माझ्याने दुसऱ्यांदा पाहवला नाही. तरी पुस्तकाने पुढे जे केले ते चित्रपटाला साधलेले नाही. सुझूला आता सारे जग डाव्या हाताने काढल्यासारखे वेडेवाकडे दिसते, आणि तेथून पुढे कोनो यांनी पार्श्वभूमीची चित्रे खरोखरच डाव्या हाताने काढली आहेत. घरे झुकतात, डोंगराच्या कडा कापतात. छटांचे तयार कागद न वापरता प्रत्येक सावली रेघारेघांनी भरणारी ही लेखिका. तिच्या सराईत रेघेची आपल्याला तोवरच्या पानांत सवय झालेली असते, आणि ती रेघ एकाएकी हरवते. सुझूचा हात गेला हे आपण नुसते वाचत नाही, तो आपल्याही पानावरून गेलेला असतो. शेकडो चित्रकारांच्या हातून तयार होणाऱ्या पटात कोणा एकाचा हात असा हरवू शकत नाही. मुलगी म्हणते, माध्यमाच्या मर्यादेबद्दल दिग्दर्शकाला दोष का? दोष देत नाही. काय राहिले तेवढे नोंदवतो.

रिनचे मात्र तसे नाही. तिला गाळणे ही माध्यमाची सक्ती नव्हती. 2016 च्या चित्रपटात रिन वाट दाखवणारी एक गोड बाई म्हणून भेटते आणि जवळजवळ तेवढ्यावरच संपते. पुस्तकात ती कथेचा कणा आहे. एक ठेवणीतले फुलांचे भांडे आणि एका वहीच्या मागच्या पुठ्ठ्याचा कापून घेतलेला कोपरा, एवढ्या दोन पुराव्यांवरून सुझूला उमगते की लग्नापूर्वी नवऱ्याचे मन या रिनवर होते. चाळीस वर्षे कागदपत्रे तपासलेल्या माणसाला या पुराव्याची मांडणी किती निर्दोष आहे हे लगेच कळते. सुझू कोणाला जाब विचारत नाही. पण त्यानंतर तिचे हसणे निराळे होते. तिचा बालमित्र, खलाशी तेत्सु, घरी मुक्कामाला येतो तेव्हा नवरा तिला रात्री त्याच्याकडे पाठवतो आणि घराचे दार आतून लावून घेतो. चित्रपटातही हा प्रसंग आहे. पण रिनचा धागा नसल्यामुळे तेथे शुसाकु एक विचित्र उदार गृहस्थ तेवढा वाटतो. पुस्तकात तो ऋण फेडू पाहणारा, आणि ते अत्यंत चुकीच्या रीतीने फेडणारा, माणूस असतो.

काताबुची यांनाही ही उणीव सलत असावी. डिसेंबर 2019 मध्ये त्यांनी सुमारे चाळीस मिनिटांची भर घालून चित्रपटाची 168 मिनिटांची नवी आवृत्ती काढली आणि तीत रिनला तिची जागा दिली. ज्यांना एकच आवृत्ती पाहायची असेल त्यांनी ही पाहावी.

आता शेवटचा आणि माझ्या मते खरा मतभेद. 15 ऑगस्ट 1945 रोजी रेडिओवरून सम्राटाचे शरणागतीचे भाषण होते. आजवर कशावरही न चिडलेली सुझू संतापाने उठते, शेताकडे धावते आणि तेथून खाली गावात तिला कोरियाचा ध्वज चढताना दिसतो. कुरेत कोरियन लोक होते, हे तोवर कथेने एका शब्दाने सांगितलेले नसते. पुस्तकात त्या क्षणी सुझूच्या मनात येते, की आपण इतरांना बळाने दाबून ठेवले होते, म्हणून आज बळापुढे वाकतो आहोत. आणि हे न कळता मेलो असतो तर बरे झाले असते. चित्रपटात ध्वज क्षणभर दिसतो, पण शब्द बदललेले आहेत. तेथे सुझूला जाणवते की आपला देह समुद्रापलीकडून आलेल्या तांदळाचा आणि सोयाबीनचा बनलेला आहे, आणि म्हणून बळापुढे वाकावे लागते की काय.

मुलीला वाटले, पुरवठा खात्यातला बाप हमखास चित्रपटाच्या बाजूने उभा राहील. आणि पहिल्या पाहण्यात मी राहिलोही. चुलीपाशी वावरणाऱ्या बाईला साम्राज्य कळायचे तर ते तांदळाच्या दाण्यातूनच कळेल, हा दिग्दर्शकाचा विचार खोटा नाही. हिशेबही बरोबर आहे. 1895 पासून तैवान आणि 1910 पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. 1918 च्या तांदळाच्या दंग्यांनंतर जपानने कोरियात भातशेती वाढवण्याची मोठी योजना आखली. पीक वाढले, पण त्याहून वेगाने तांदूळ जपानला गेला आणि कोरियन माणसाच्या वाट्याचा तांदूळ उलट घटला. त्याची भूक मांचुरियाच्या भरडधान्यावर भागवली गेली. वखारीच्या वहीत आवक लिहिताना तो माल कोणाच्या घरातून निघाला हे लिहिण्यासाठी रकाना नसतो. मीसुद्धा असा रकाना कधी मागितला नाही.

पण नेमक्या याच कारणाने मी पुढे पुस्तकाकडे वळलो. हा सगळा हिशेब मला ठाऊक होता म्हणून चित्रपटातले वाक्य मला पुरले. ज्याला ठाऊक नाही, त्याला त्यात परदेशी धान्यावर जगणाऱ्या देशाची लाचारी तेवढी ऐकू येईल. धान्य पिकवणारा उपाशी राहिला हे ऐकू येणार नाही. ध्वज दिसेल, पण तो का चढला हे कोणी सांगणार नाही. चित्रपटाचे वाक्य सुझूच्या स्वभावाला अधिक शोभते हे मान्य करतो. पुस्तकाचे वाक्य तिच्या तोंडी जड वाटते हेही मान्य करतो. ते जडच असायला हवे, कारण त्या दिवशी तिचा स्वभावच मोडतो. त्या संध्याकाळी सासू जपून ठेवलेला पांढरा तांदूळ बाहेर काढते, पण सगळा नाही. उद्याचा दिवसही आहेच. पुस्तकात तो घास आपण सुझूबरोबर अडखळत गिळतो.

रिन आणि तो ध्वज या दोन्ही ठिकाणी चित्रपटाने एकच गोष्ट टाळली, असे मला वाटते. सुझूचा तो उबदार कोपरा कोणाच्या किमतीवर उभा आहे, हे तिला कळणे. रिन दारिद्र्यामुळे लहानपणी विकली गेलेली पोर. तिच्या ठिकाणी आणि सुझूच्या ठिकाणी अंतर आहे ते केवळ नशिबाचे. चित्रपटातली सुझू बरेच गमावते, पण शेवटपर्यंत निष्पाप राहते. पुस्तकातली राहत नाही, आणि म्हणून हिरोशिमा स्थानकावर अंगाशी बिलगलेल्या अनाथ मुलीला ती घरी घेऊन जाते तेव्हा तिला आपण काय करतो आहोत हे पुरते माहीत असते.

मुलीचा यावर एकच आक्षेप होता आणि तो मला खोडता आला नाही. पहिल्यांदा चित्रपट पाहताना नामावली सुरू होताच मी उठून दिवा लावला होता. तिने मला पुन्हा बसवले. पुस्तकात एक प्रकरण आहे, रिनच्या आयुष्याचे, ओठांच्या लालीने काढलेले. चित्रपटात वर्गणीदारांची नावे सरकत असतात तेव्हा त्या नावांसोबत त्याच लाल रेघांत एक लहान मुलगी विकली जाते, पळते, सुझूच्या आजीच्या माळ्यावर लपून कलिंगडाच्या साली खाते आणि मोठी होऊन रिन होते. एक शब्दही बोलला जात नाही. सगळी नावे संपल्यावर एक हात पडद्यावर येतो आणि निरोपाचा हलतो. तो उजवा हात आहे.