लसींची यादी आणि तिच्यातली न लिहिलेली ओळ

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या पेशंटला लसींची एक यादी हातात मिळते. त्या यादीबद्दल आज आम्हाला जरा तक्रारीच्या सुरात बोलायचं आहे.

अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या २०१७ च्या शिफारशी घ्या. उत्तम आहेत, वादच नाही. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची, हेपॅटायटिस बी ची, नागिणीची. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत लस नको. सगळं बरोबर. पण ही यादी जिथे लिहिली गेली, तो देशही तिच्यात बसलेला आहे. आपण ती तशीच उतरवून घेतो, तिथे पंचाईत होते.

टीबीचंच बघा. मोठ्या माणसाला टीबीपासून वाचवणारी भरवशाची लस नाही, म्हणून लसींच्या यादीत टीबी नाही. आपल्याकडे मात्र इन्फ्लिक्सिमॅब सुरू करण्याआधी पहिली भीती टीबीचीच. छातीचा एक्स-रे, मँटू किंवा रक्ताची इग्रा तपासणी आधीच व्हायला हवी. स्टेरॉइड चालू असताना केलेली मँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे किती पेशंटना सांगितलं जातं?

आता आमचा मुख्य आक्षेप. अमेरिकेत बाळांना सरसकट बीसीजी देत नाहीत. आपल्याकडे बाळ जन्मलं की दवाखान्यातून घरी जायच्या आत दंडावर टोचतात. आई इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबवर असेल, तर ते औषध, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, नाळेतून बाळात उतरतं आणि जन्मानंतर कित्येक महिने रक्तात राहतं. बीसीजी ही जिवंत लस. २०१० मध्ये ब्रिटनमधली एक केस प्रसिद्ध झाली: आईला क्रोन्स, गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब, बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी. लसीतलेच जंतू अंगभर पसरले आणि साडेचार महिन्यांचं ते बाळ गेलं. तेव्हापासून अशा बाळांची बीसीजी निदान सहा महिने पुढे ढकलायला सांगतात. (म्हणून आईने औषध मनानेच बंद करायचं असं नव्हे हं! आजार उसळला तर गरोदरपणालाच धोका. आणि हेपॅटायटिस बी सारख्या निर्जीव लसी बाळाला वेळेवरच द्यायच्या.)

पण हे सांगणार कोण? पोटाचे डॉक्टर लेबर रूममध्ये नसतात. नर्सताईंच्या हातात माता व बाल संरक्षण कार्ड असतं, त्यावर बीसीजीचा रकाना असतो, आणि तो भरणं हे त्यांचं कामच आहे. त्यांना दोष कसा देणार? आईचं औषध आणि शेवटच्या डोसची तारीख सातव्या महिन्यातच त्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहून घ्या, शेजारी ‘बीसीजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको’ एवढं लिहा, आणि घरातल्या आजीलाही सांगून ठेवा. प्रसूतीच्या रात्री बाळापाशी बहुधा तीच असते.