उतरविलेल्या गाण्याची नाममुद्रा

पुणे-सोलापूर रस्त्यावरील टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील गाव. तेथून पंढरपूरकडे वाट फुटते. अशा गावातील एखाद्या घरी संगणकावर उतरवून ठेविलेली भजने पाहू गेल्यास प्रथम डोळ्यांत भरते ती त्यांची विपुलता. ज्या ध्वनिमुद्रिकेसाठी एके काळी शहर गाठावे लागे, ती आता घरबसल्या मिळते. ती झिजत नाही, तिची फीत गुंतत नाही. सेकंदास 128 किलोबिट या बहुप्रचलित मानाने पाच मिनिटांचा अभंग पाच मेगाबाइटांहूनही कमी जागा व्यापतो. हा लाभ मोठा आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या गाण्यांस मिळालेल्या नावांचा.

'उतरविणे' हे क्रियापद मराठीत ओझे खाली घेण्यासही चालते आणि पोथी नकलून घेण्यासही. 'डाउनलोड'च्या जागी ते योजताना पहिला अर्थ मनात असला, तरी दुसराही त्यात नकळत डोकावतो. तेव्हा संगणकावरील संग्रहाची तुलना बाडाशी करणे गैर होणार नाही. बाडात अभंग उतरविणाऱ्यास कवीचे नाव निराळे लिहून ठेवण्याची निकड नव्हती. ते अखेरच्या चरणात नाममुद्रेच्या रूपाने रचनेतच विणलेले असे. अभंग हाती लागला की त्याचा कर्ताही हाती लागे.

एमपी-थ्री फाइलीत नाव गाण्याच्या बाहेर राहते. एरिक केम्प यांनी 1996 साली योजिलेल्या आयडी-थ्री पद्धतीत फाइलीच्या शेपटाशी 128 बाइटांची एक चिठ्ठी जोडलेली असते. तीत शीर्षक, कलावंत, संग्रह व टीप यांस प्रत्येकी 30 बाइट, वर्षास 4, आणि गीतप्रकारास अवघा 1. कवीसाठी तीत जागाच नाही. नामदेवांचा अभंग राम फाटक यांच्या चालीत भीमसेन जोशी गातात, तेव्हा 'कलावंत' या एका शब्दाने या तिघांपैकी कोणाचा निर्देश व्हावा? संग्राहक अर्थातच गायकाचे नाव लिहितो. 'गोरा कुंभार' नाटकातील अशोकजी परांजपे यांचे पंढरपूरच्या गजराचे पद जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतात प्रकाश घांग्रेकर यांनी गायिले. पण चिठ्ठीत केवळ गायक आणि 'अभंग' एवढेच असल्यास विसाव्या शतकातील ते नाट्यपद संतवाङ्मयात जाऊन बसण्यास वेळ लागत नाही.

हे भय काल्पनिक नव्हे. नामदेव आणि सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना 'नामा' या मुद्रेपायी एकमेकींत मिसळल्या. त्या निवडण्यात अभ्यासकांना किती श्रम पडले हे मराठीच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. तेथे निदान मुद्रा होती. ज्या पदाला मुद्राही नाही आणि ज्याच्या चिठ्ठीत कवीही नाही, त्याचा कर्ता उद्याच्या संशोधकाने कोठून शोधावा? घरगुती संग्रहातून उतरवून घेतलेली पदे प्रबंधात आधार म्हणून येऊ लागली असल्यास ही बाब हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

एक जुना दाखला येथे आठवतो. 1902 साली गौहरजान यांच्या गायनाची कलकत्त्यास मुद्रणे झाली. त्या काळच्या तबकड्यांत गाणे संपताच गायिका आपले नाव उच्चारीत असे. तबकड्या परदेशी तयार होत आणि तेथील कारागिरास वरची चकती लिहिण्यास तो आधार लागे. व्यवहाराच्या गरजेतून का होईना, नाव आवाजातच राहिले.

नाव लिहिले गेले तरी लिपीची अडचण उरतेच. 'काळा', 'कला', 'काला' आणि 'कळा' हे चारही शब्द प्रचलित रोमन लेखनात एकच होतात. गोपाळकाल्याच्या पदावर त्यामुळे कोणता अर्थ ओढवेल याचा नेम नाही. देवनागरीत लिहावे, तर यूटीएफ-8 संकेतात तिच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'टेंभुर्णी' या नावात स्वरचिन्हे, अनुस्वार व हलन्त धरून नऊ चिन्हे आहेत. म्हणजे 30 पैकी 27 बाइट गावाच्या नावातच खर्ची पडले. तेच नाव रोमन नऊ अक्षरांत, नऊ बाइटांत मावते.

गीतप्रकारांची मूळ यादी 80 नावांची आहे. तीत पोल्का आहे, डेथ मेटल आहे. लोकगीताचे 'फोक' हे नावही पुढे विनॅम्पने भर घातली तेव्हा आले. ओवी, गौळण, भारूड यांचे तर नावच नको. हा बाइट शून्य राहिला की वादक यादीतील पहिला प्रकार दाखवितो, आणि तुकोबा अमेरिकी निग्रोंच्या 'ब्लूज'मध्ये गणले जातात! भजनाचा क्रमही असाच बिघडतो. रूपाचा अभंग, गौळण, आरती आणि पसायदान ही परंपरेची चाल. फाइलींना हीच नावे रोमनमध्ये दिल्यास वर्णानुक्रमाने आरती सर्वांआधी लागते आणि रूपाचा अभंग सर्वांत शेवटी.

तथापि सारा दोष यंत्राच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. 1998 साली आलेल्या आयडी-थ्रीच्या दुसऱ्या आवृत्तीत 30 बाइटांचे बंधन सुटले. तीत गीतकारास स्वतंत्र स्थान आहे, संगीतकारासही आहे. संपूर्ण शब्द लिहून ठेवण्याचीही सोय आहे, म्हणजे नाममुद्रेसह अख्खा अभंग फाइलीत राहू शकतो. 2000 सालच्या सुधारणेने यूटीएफ-8 मधील देवनागरीही तीत आली. ही स्थाने भरण्यास टंकलेखनाखेरीज काही लागत नाही. बाड उतरविणारा लेखक पुष्कळदा शेवटी आपले नाव, गाव आणि तिथी नोंदवीत असे. फाइलीतील टीपेच्या जागी मात्र ती जेथून घेतली त्या संकेतस्थळाची जाहिरात आढळते, आणि गीतकाराचे स्थान बहुधा रिकामे असते.