बोधिचर्यावतार आणि अपघाताचं रजिस्टर

मित्रांनो, करुणा ह्या शब्दाचा मला राग होता, हे आधीच सांगून टाकतो. पोट भरलेला माणूस ओट्यावर बसून करुणेवर बोलतो आणि ज्याच्यावर बोलतो तो ओट्याखाली उभा असतो, असं माझं मत. आपल्यातल्याच कुणाच्या कवितेत करुणा आली तरी मी पान उलटायचो. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती मी हात जोडून म्हणत होतो, पण तिच्यावर कधी विचार केला नव्हता.

यंदा वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन संपलं आणि आर्याजी म्हणाल्या, आता शांतिदेवाचा ‘बोधिचर्यावतार’ घेऊ. करुणेचा ग्रंथ. मी तिसरी पाळी करून आलेलो, मागं भिंतीला टेकलो. म्हटलं, झोपायला बरं. झोप काही आली नाही.

आर्याजी मराठवाड्यातल्या, ऊसतोडीच्या घरातल्या. शाळा सातवीपर्यंत. पाली आणि संस्कृत चीवर घेतल्यावर शिकल्या. त्यांची रीत अशी की श्लोक म्हणायचा, शब्द फोडायचे, अर्थ सांगायचा आणि गप्प बसायचं. मग आपण बोलायचं. व्याख्यान नाही.

शांतिदेव आठव्या शतकातला, नालंदेचा. दहा परिच्छेद, नऊशेच्या वर श्लोक. परंपरा म्हणते तो राजपुत्र होता, राज्य सोडून भिक्खू झाला. विहारात त्याला भुसुकु म्हणून चिडवायचे, म्हणजे खाणं, झोपणं आणि बाहेर जाणं एवढंच करणारा. फजिती करायला त्याच्यासाठी उंच आसन मांडलं, म्हणाले बोल. तर त्यानं हा ग्रंथ म्हटला. दंतकथा आहे, पण मला आवडली. आपल्याला साहित्याच्या स्टेजवर बोलावतात तेही पुष्कळदा ह्याच हेतूनं. पुढं नालंदा गेली. ग्रंथ नेपाळच्या पोथ्यांत आणि तिबेटी भाषांतरात टिकला. मूळ संस्कृत छापलं ते १८८९ साली, रशियात, मिनायेव नावाच्या पंडितानं.

तिसऱ्या परिच्छेदात माझी पहिली ठिणगी पडली. बोधिचित्त धरलेला माणूस तिथं मागणं मागतो. आजाऱ्याला औषध व्हावं, दुष्काळात अन्नपाणी व्हावं, पैलतीराला जाणाऱ्याला नाव व्हावं, पूल व्हावं. इथपर्यंत माझीही मान डोलत होती. पुढं तो म्हणतो, ज्याला दास हवा त्याचा दास व्हावं. मी उभाच राहिलो. म्हटलं, आर्याजी, माझा पणजा येसकरकीची काठी धरून मेला. गावाला दास हवा होता आणि पणजा दास होता. त्यानं कुठलं बोधिचित्त धरलं होतं? राजपुत्राला दास व्हायची इच्छा करता येते, कारण त्याला दुसरंही काही होता येतं. ज्याला दुसरं काही होऊच दिलं नाही त्यानं हा श्लोक म्हणायचा कसा?

आर्याजींनी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी थेरीगाथा घेऊन आल्या. त्यात पुण्णिका आहे. अनाथपिंडिकाच्या घरची दासी. मालकिणीच्या माराच्या धाकानं भर थंडीत नदीवर पाणी भरायची. तिथं एक ब्राह्मण पाप धुवायला कुडकुडत पाण्यात उभा. ती त्याला विचारते, पाण्यानं पाप जात असेल तर बेडूक, कासवं, मगरी सगळ्या स्वर्गात जातील की! पुढं ती सुटली आणि थेरी झाली. आर्याजी एवढंच बोलल्या, ‘‘ही खरोखरची दासी. हिनं दास व्हायचं मागणं मागितलं नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा.’’ समीक्षा म्हणजे काय ह्यावर मी जाडजाड पुस्तकं वाचलीत. एवढी चोख समीक्षा ऐकली नव्हती.

पाचव्यात चामड्याचा दाखला येतो. सगळी पृथ्वी झाकायला चामडं कुठून आणणार, आपल्या पायात वहाण घातली की झालं. म्हणजे जग बदलत बसू नका, आपलं मन सांभाळा. दाखला देखणा आहे. पण ती वहाण कुणी शिवली, कातडं कुणी कमावलं, त्याच्या अंगाचा वास कुणाला आला? शांतिदेवाच्या श्लोकात तो माणूस नाही. आणि गावातून जाताना वहाण पायातून काढून हातात धरायला लावलेली माणसं आमच्याच घरात होऊन गेली. त्यांचं मन कितीही सांभाळलेलं असो, काटा पायातच मोडला.

आता सहावा, क्षांतीचा. खरी झटापट इथं झाली. त्याचं म्हणणं असं, काठीनं मारलं तर आपण काठीवर रागावत नाही, मारणाऱ्यावर रागावतो. पण मारणाराही द्वेषाच्या हातातली काठीच आहे. मग राग द्वेषावर करा.

त्याच आठवड्यात आमच्या सूतगिरणीत कार्डिंगला एका बदली पोराची दोन बोटं गेली. गिअरवरचं झाकण काढून ठेवलेलं होतं. रजिस्टरला नोंद पडली : कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. मी साहेबाला गेटाबाहेर धरणार होतो. दोघंतिघं तयारही होते. आधी विहारात गेलो, कशाला गेलो माहीत नाही. आर्याजी म्हणाल्या, ‘‘काठी म्हणतोस ना, मग ती कोण हलवतं ते बघत वर जा. मधेच थांबू नको.’’

बघत गेलो. साहेबाला उत्पादनाच्या आकड्याचा धाक. झाकण काढून-बसवून साफसफाई करायची तर मशीन जास्त वेळ बंद राहतं, म्हणून झाकण काढूनच ठेवायचं. हा हुकूम त्याच्याही वरचा. साहेबाचं तोंड फोडलं असतं तर झाकण तसंच राहिलं असतं आणि आम्ही तिघं बाहेर. सात जणांनी सह्या करून अर्ज दिला, झाकणाचा आणि खोट्या नोंदीचा. माझा राग विझला असं नाही. साहेबाच्या तोंडावरून तो झाकणावर गेला. एवढं शांतिदेवाचं देणं मी मानतो.

पण तो वर जाता जाता द्वेषापाशी थांबतो, मनात. झाकण मनात नसतं, मित्रांनो. झाकण मशीनवर असतं आणि ते काढायला लावणारा हिशेब ऑफिसात असतो.

आणि त्याच परिच्छेदात तो आणखी एक पाऊल टाकतो. म्हणतो, मी पूर्वी प्राण्यांना अशीच पीडा दिली असेल, म्हणून ही पीडा मला योग्यच. हे ऐकलं आणि मला ते रजिस्टर दिसलं. चूक तुझीच, ह्या जन्मी नाही तर मागल्या जन्मी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये ह्या मागल्या जन्माच्या कर्माला हात घातलाय. गरिबांच्या, खालच्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजानं आणि राज्यानं झटकावी, ह्यापलीकडं ह्या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. शांतिदेव हे स्वतःचा राग आवरायला स्वतःला सांगतोय, दुसऱ्याला नाही, असं म्हणून त्याला सोडवता येईल. आर्याजींनी तसा प्रयत्न केलाही. मला पटलं नाही. श्लोक एकदा लिहिला की तो रजिस्टर लिहिणाऱ्याच्याही हातात पडतो.

आठव्यात बाईच्या देहाची किळस श्लोकामागून श्लोक येते. आर्याजी सपाट आवाजात वाचत होत्या. पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, ‘‘आर्याजी, बाईच्या पोटात घाण, मग बाप्याच्या पोटात काय अत्तर असतंय व्हय?’’ सगळा विहार हसला, आर्याजीही हसल्या. भिक्खूंसाठी लिहिलेलं आहे, आपल्या देहालाही तो अशुचीच म्हणतो, हे त्यांनी सांगितलं. पण म्हातारीला खोडलं नाही.

आणि ह्याच परिच्छेदात ग्रंथ एकदम उंच जातो. तो विचारतो, पायाचं दुखणं हाताचं नाही, तरी हात पायाला का सांभाळतो? आणि सांगतो की दुःखाला कुणी मालक नाही. ते माझं म्हणून नाही, दुःख आहे म्हणून हटवायचं. पुरुषसूक्तातही देहच आहे. तिथं पायांपासून शूद्र होतो आणि पाय कायमचा खाली राहतो. आपण तर त्या देहात कुठंच नाही. शांतिदेवाच्या देहात पायाला काटा लागला की हात खाली वाकतो. तोच दाखला, पण उलटा फिरवलेला. संस्कृतात बसून संस्कृतातलाच देह त्यानं असा फिरवला, हे मला ह्या ग्रंथातलं सगळ्यात मोठं वाटतं. मालक नसलेलं दुःख! गिरणीत प्रत्येक बॉबिनीला मालक आहे.

नववा मागं ठेवून आर्याजींनी दहावा घेतला. त्यात सगळ्यांसाठी शुभ चिंतलंय. जगातल्या बायका पुरुष व्हाव्यात आणि नीच असतील ते उच्च व्हावेत, त्यांचा मान नाहीसा व्हावा, हे एकाच श्लोकात. आर्याजी म्हणाल्या, ‘‘हा मी वगळू शकले असते. वगळला तर तुम्हाला वाटेल शांतिदेव सगळाच्या सगळा आपला.’’ बाई आणि नीच, दोघांनाही वरच्या पायरीवर चढवायचं, पायरी तशीच ठेवायची. संस्कृतात मान म्हणजे गर्व, हे मला समजतं. पण आपल्या बोलीत मान म्हणजे मान, आणि १९५६ साली नागपुरात आपल्याला मिळालं ते तेच. ते मी शांतिदेवाच्या शुभेच्छेवर सोडायला तयार नाही. आर्याजींनी ह्यावर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘लिही हे.’’ म्हणून लिहिलं.

अर्जाला उत्तर नाही. गिअरवर झाकण बसलंय, रजिस्टरातली नोंद तशीच आहे. तो पोरगा परवा विहारात आला होता, उजवा हात खिशात घालून बसला. नववा परिच्छेद प्रज्ञेचा, फार अवघड आहे म्हणतात. पुढल्या रविवारी चार वाजता सुरू होतोय. येणाऱ्यांनी वही आणावी, पुस्तकाची प्रत एकच आहे.