रो मेसॉन : वस्तुमान घटते की शिखर रुंदावते?

अणुकेंद्रांच्या टकरीत जन्मणाऱ्या अल्पायुषी मेसॉनांच्या अभ्यासात पुरावा आणि अनुमान यांतील सीमारेषा सहज पुसली जाते. रो मेसॉनवरील संशोधन हे याचे बोलके उदाहरण होय.

रो मेसॉनचे वस्तुमान सुमारे ७७५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्याचे आयुष्य इतके अल्प, की त्यातले पुष्कळसे टकरीतून उद्भवलेल्या तप्त द्रव्यातच क्षय पावतात. बहुतेकांपासून दोन पायॉन होतात. पण ते द्रव्यात पुन्हा आदळतात आणि मूळ माहिती हरवते. सुमारे वीस हजारांत एका क्षयातून मात्र इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी निघते व ती जवळजवळ अबाधित बाहेर येते. म्हणून हा दुर्मिळ क्षयच खरा साक्षीदार ठरतो.

१९९१ मध्ये ब्राउन व रो या शास्त्रज्ञांनी (मेसॉनशी नामसाधर्म्य योगायोगाचे) दाट द्रव्यात या मेसॉनचे वस्तुमान घटावे, असे भाकीत केले. १९९५ मध्ये सर्नच्या सेरेस प्रयोगात गंधक-सोने टकरींत अपेक्षेच्या सुमारे पाचपट जोड्या आढळल्या. भाकीत खरे ठरल्याचा समज येथेच बळावला. परंतु शिखर सरकले काय किंवा पसरले काय, कमी वस्तुमानाकडील जोड्या दोन्ही परिस्थितींत वाढतात. तो फरक दाखवण्याइतकी सूक्ष्मता त्या मोजणीत नव्हती.

ती सूक्ष्मता सर्नच्याच एनए-६० प्रयोगाने साधली. इंडियम-इंडियम टकरींतील म्युऑन जोड्यांतून ज्ञात स्रोतांचा वाटा वजा केल्यावर उरलेले शिखर जवळपास मूळ जागीच राहिले, मात्र बरेच रुंदावले. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

थंड अणुकेंद्रांतील प्रयोगांतही असाच मतभेद दिसतो. जपानच्या ई-३२५ गटाने वस्तुमानात सुमारे ९ टक्के घट सांगितली. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेच्या क्लास गटाला २००७ मध्ये लक्षणीय घट आढळली नाही. वादाचे मूळ पार्श्वभूमीच्या वजाबाकीत आहे. पहिल्या गटाने योगायोगाने जुळलेल्या जोड्यांचे प्रमाण आलेखाशी जुळवून ठरवले. दुसऱ्याने ते समान विद्युतभाराच्या जोड्यांवरून स्वतंत्रपणे काढले. आमच्या मते दुसरी पद्धत अधिक विश्वसनीय आहे.

तथापि विरुद्ध टोकाची घाईही टाळावी. शिखर सरकले नाही, यावरून कायरल सममिती पुनःस्थापित होत नाही, असे सिद्ध होत नाही. साधे भाकीत फसले, एवढेच म्हणता येते. अभ्यासकाने शिखर पाहण्याआधी वजाबाकी तपासावी.